दुःख बघायला आलेले पाहुणे

ज्या वर्षी एका बड्या धर्मादाय प्रतिष्ठानानं आमच्यावर कृपादृष्टी करायचं ठरवलं, त्या वर्षी माझ्या दादाला दारूचं व्यसन लागलं. तोवर त्याला जाऊन काही वर्षं झाली होती. जिवंत असताना तो कॉफीसुद्धा अर्धा लोटाच घ्यायचा, आणि तीही पित्त होतं म्हणून दूध जास्त घालून. सरकारी कचेरीत नोकरी, संध्याकाळी देऊळ, देवळातून आमच्या नाटकाची तालीम. तिथे पडद्याआड बसून तो सगळ्यांना विसरलेली वाक्यं सांगायचा. अख्ख्या अग्रहारात, म्हणजे आमच्या देवळाभोवतालच्या वस्तीत, त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. गाय म्हणायचे त्याला सगळे. माझा तो एकुलता एक भाऊ, आणि त्याचं चांगलं नाव हीच आमच्या घराची काय ती कमाई, असं मी मानत आले. त्या नावाचं त्या वर्षी काय झालं ते सांगते.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते म्हणतात. कुठल्या लढाईत काय पराक्रम केला हे मात्र कुणी सांगत नाही, त्यावरून ते वेळेवर घरी परतत असावेत असा माझा कयास आहे. आता आमच्यात कुणी शिक्षक, कुणी बँकेत, कुणी दिवसभर संगणकासमोर. घरी मराठी बोलतो. पुण्याकडचे पाहुणे ती ऐकून 'किती छान कन्नड बोलता हो तुम्ही' म्हणतात, तो भाग सोडा.

अशा आमच्या बायकांचं एक नाट्यमंडळ आहे. दसऱ्याची गडबड ओसरली की दरवर्षी अग्रहारातल्या आमच्या समाजाच्या सभागृहात आम्ही एक नाटक करतो. राजा, प्रधान, राक्षस, सगळं बायकाच. शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या अध्यक्षीणबाई, ज्यांना आम्ही नुसतं 'टीचर' म्हणतो, त्या कायमच्या राजा. एक बन्नूरहून बसनं येते. तिचा ऊस आहे, भात आहे, आणि आवाज शेताच्या या टोकाहून त्या टोकाला पोचेल असा आहे, म्हणून ती राक्षस. एक मेटगळ्ळीच्या कारखान्यात तयार माल तपासते. चेहरा नाजूक, तेव्हा त्या त्या वर्षी नाटकात जी कुणी रडणार असेल ती ही. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, म्हणून लिहिण्याची कामं माझ्या गळ्यात. आणि कपडेपट माझ्या वहिनींकडे, म्हणजे दादाच्या बायकोकडे. वहिनी स्वतः स्टेजवर कधी आल्या नाहीत. आमच्या नाटकात गरीब माणूस औषधालाही नसायचा, कारण गरिबाच्या कपड्यांना जरीची किनार लावता येत नाही, असं वहिनींचं म्हणणं.

सभागृहात दादाचा फोटो आहे, मंडळाचा जुना चिटणीस म्हणून लावलेला. तालमीला आल्या की वहिनी आधी तो पुसायच्या, हार बदलायच्या आणि मग शिवणाचं मशीन उघडायच्या.

तर हे सभागृह आमच्या हातून जायची वेळ आली. समाजाच्या तरुण विश्वस्तांना ते एका जिमवाल्याला द्यायचं होतं. घोडेस्वारांच्या वंशजांनी आता जागच्या जागी धावावं अशी त्यांची इच्छा. आम्ही आरडाओरडा केल्यावर ते म्हणाले, छप्पर दुरुस्त करा, दिवे बदला, वर्षभर काहीतरी चालवा, मग जागा तुमची. त्यासाठी पैसा लागणार होता आणि तो आमच्याकडे नव्हता. तेवढ्यात कॉलेजातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं मला या प्रतिष्ठानाबद्दल सांगितलं.

त्यांच्या माहितीपत्रकावर तीनच शब्द मोठ्या अक्षरांत होते: सर्जनशीलता, सामाजिक न्याय, लोकहित. मी मनाशी आमचा साठा तपासला. सर्जनशीलता होती, पुठ्ठ्याचा किरीट सोन्याचा दिसतो ही काही साधी गोष्ट नाही. नाटकानंतर आम्ही सगळ्यांना उप्पिट्टू, म्हणजे आपला उपमा, फुकट वाटायचो, ते लोकहितात धरता आलं असतं. सामाजिक न्याय तेवढा घरात नव्हता. तरी मी अर्ज केला. खोटं कशाला बोलू, कामं ते चांगली करत होते. कुठे मुलींसाठी फिरतं वाचनालय, कुठे सफाई कामगारांच्या मुलांना चित्रकला, कुठे जमिनीवरून हुसकावलेल्यांना वकील. या रांगेत आमचा पुठ्ठ्याचा किरीट कुठे बसणार याची मला शंका होती, पण त्यांच्या बाईंनी स्वतः येऊन बघते म्हणून कळवलं.

इथे आमच्या मंडळानं आपल्या स्वभावाला साजेसा घोळ घातला. कुणीतरी बघायला येणार म्हटल्यावर आमच्या बायकांना एकच प्रकार ठाऊक आहे, तो म्हणजे मुलगी बघायला येणं. त्या दिवशी प्रत्येकीनं ठेवणीतलं म्हैसूर सिल्क काढलं. शेजारच्या कार्यालयातून गुबगुबीत खुर्च्या मागून आणल्या. केसरीभात, म्हणजे केशर घातलेला शिरा, आणि उप्पिट्टू झालं, कारण त्याशिवाय या गावात कुणी कुणाची मुलगी बघत नाही. छप्पर गळतं त्या कोपऱ्यातली बादली उचलून तिथे देवळातली मोठी समई ठेवली, आणि भिंतीवरच्या ओलीवर टीचरच्या घरचा मखमली पडदा सोडला.

बाई आल्या. चाळिशीच्या, चेहरा प्रेमळ, अंगावर चुरगळलेली सुती साडी. बन्नूरवाली माझ्या कानाशी लागली, "अय्यो, प्रवासात बॅग हरवली का ह्यांची?" मी तिला चिमटा काढला. बाईंनी हातानं केलेला पुठ्ठ्याचा किरीट उचलून उलटसुलट पाहिला, दादाच्या फोटोकडे पाहून हे कोण म्हणून विचारलं. मी अभिमानानं सगळं सांगितलं. ह्यांची बायको म्हणजे त्या बघा, कॉफी गाळताहेत त्या. मग बाई खाली बसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, तुमच्यापुढे कोणत्या अडचणी आहेत ते मला ऐकायचंय. मी मराठी केलं.

"अडचण?" टीचर ताठ झाल्या. "येनू इल्ला. देवाच्या दयेनं काही कमी नाही आम्हाला."

"पण या जागेबद्दल काही?"

"छान जागा आहे. हवेशीर आहे."

हवा छपरातून येत होती. मी टीचरकडे डोळे वटारले, तर त्यांनी बन्नूरवालीला सांगितलं, "त्यांना अजून स्वल्प केसरीभात वाढ ग." बाईंनी पुन्हा विचारलं, बायका म्हणून जगताना काही सोसावं लागतं का? मेटगळ्ळीवाली लाजून म्हणाली, "आमच्या घरचे सगळे फार चांगले आहेत." मुलगी नाकारली जाऊ नये म्हणून उणं झाकायचं, हे इथल्या प्रत्येकीच्या हाडात मुरलेलं. त्या दिवशी आम्ही इतक्या सुखी निघालो की बाईंनी उलट आमच्याकडूनच देणगी मागितली असती तरी नवल नव्हतं.

आठवडाभरानं त्यांचा फोन आला. आपला गट तसा सुस्थितीत दिसतो, असं त्या फार हळुवारपणे म्हणाल्या. मी गयावया केली. बाई खरोखरच भल्या. म्हणाल्या, आमचे एक प्रशिक्षक आहेत, ते आणि मी येतो, दोन दिवस एकत्र बसू. बायकांनी स्वतःच्या आयुष्यातलं काही मोकळेपणानं सांगितलं, त्यातून नाटक उभं राहिलं, तर बघता येईल.

मी मंडळाची बैठक घेतली आणि सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे रडून दाखवायचं?" टीचरनी विचारलं.

"रडून नाही हो. मन मोकळं करायचं."

"परक्यांपुढे?"

"परक्यांपुढेच. आपल्यांपुढे केलं तर पैसे कोण देणार?"

प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे जिमवाल्याची ती धावायची यंत्रं फिरत असावीत. शेवटी बन्नूरवाली म्हणाली, "बिडि, सोडा हो टीचर. पाहुण्यांना जे चालतं ते वाढायचं. त्यांना गोड नको असेल तर तिखट करू." यावर एकमत झालं.

कार्यशाळेच्या दिवशी आम्ही गोल करून जमिनीवर बसलो. या खेपेला खुर्च्या नाहीत, सिल्क नाही. समई देवळात परत गेली होती आणि बादली तिच्या जागी आली होती. मेटगळ्ळीवालीनं तर तिच्यात आधीच थोडं पाणी ओतून ठेवलं होतं. प्रशिक्षक केसांची शेंडी बांधलेला एक गोड मुलगा होता. त्यानं आम्हाला डोळे मिटून श्वास घ्यायला लावला. टीचरना डुलकी लागली. मग तो म्हणाला, इथे जे बोललं जाईल ते इथेच राहील, ज्याला जे द्यावंसं वाटतं ते त्यानं या वर्तुळात द्यावं.

आणि मग आमच्या बायकांनी जे दिलं! बन्नूरवालीनं सांगितलं की तिची सासू तिला जेवायला देत नसे. तिची सासू मला माहीत आहे. सुनेच्या हातचं खाऊन ती इतकी सुटली आहे की बसमध्ये तिला दोन जागा लागतात. मेटगळ्ळीवालीनं पदर डोळ्यांना लावून सांगितलं की वडिलांनी तिला शिकू दिलं नाही. त्या बापड्यानं तिला हातापाया पडून पुन्हा पुन्हा बी.कॉम.ला बसवलं होतं. टीचर जाग्या होऊन म्हणाल्या की त्यांचा बालविवाह झाला. टीचर अविवाहित आहेत. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होते, चेहरा शक्य तेवढा गंभीर ठेवून, आणि मनातल्या मनात म्हणत होते, आता जिमवाला गेला समजा.

वहिनी कोपऱ्यात कॉफी ओतत होत्या. बाईंचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. त्या मला म्हणाल्या, त्यांना विचारा, त्यांना काही द्यावंसं वाटतं का. मला वाटलं वहिनी नेहमीसारख्या मान हलवतील. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मारायचे," त्या म्हणाल्या.

"कोण?" मी भाषांतर विसरून विचारलं.

"हे."

बाई माझ्याकडे बघत होत्या, तो मुलगा बघत होता. मी घसा साफ केला आणि कॉलेजातल्या माझ्या स्वच्छ उच्चारात सांगितलं की या म्हणताहेत, यांचा नवरा यांना मारत असे. माझ्या स्वतःच्या भावाबद्दल, त्याच्या हार घातलेल्या फोटोसमोर बसून. बाईंची नजर हळूच भिंतीकडे गेली आणि परत आली. माझे कान तापले. टीचर मात्र वहिनींकडे कौतुकानं बघत होत्या. आपला बालविवाह अगदीच फिका पडला, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

वहिनींना स्कूटरवर मागे घेऊन मी कुक्करहळ्ळीच्या तलावापर्यंत आले. मग मला राहवेना.

"वहिनी, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"दादाला कशाला ओढलंत मध्ये? दुसरं काही सुचलं नाही?"

मागून आवाज आला, "सगळ्यांनी काही ना काही दिलं, वन्सं. मी एकटी रिकाम्या हातानं कशी बसू?"

हे मला पटलं. अगदी आमच्या घराला शोभणारं उत्तर होतं. हळदीकुंकवाला जाताना दुसरं काही नसेल तर फाटकाजवळच्या झाडाचं लिंबू घेऊन जाणारी ही बाई. तिनं हाताशी होता तो नवरा देऊन टाकला. राग मात्र गेला नाही. सभागृहासाठी खोटं बोलायला माझी ना नव्हती. बन्नूरची सासू बन्नूरला होती, तिला कळणार नव्हतं. पण नाटक अग्रहारात होणार होतं. ज्या गल्लीनं दादाला खांद्यावर नेलं, ती सगळी गल्ली समोर बसणार होती. एकदा का लोकांच्या मनात आलं की असेल बुवा, आतून तसा असेल, तर मी कुणाकुणाच्या दारी जाऊन सांगणार होते?

व्हायचं तेच झालं. प्रतिष्ठानाला वहिनींची गोष्ट सगळ्यांत भावली. तिच्यात खरेपणा आहे, असं तो मुलगा म्हणाला. बन्नूरच्या सासूत आणि टीचरच्या लग्नात तो त्याला दिसला नव्हता, तरी त्याची पारख मी हसण्यावारी नेली. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की तालमीच्या जागी तो फोटो असणं वहिनींना त्रासाचं होत असेल का, तो काढावा का. मी इतक्या थंडपणे 'नाही' म्हणाले की त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. वहिनी त्या दिवशीही आल्याबरोबर फोटो पुसत होत्या. हे पाहा, असं मला बाईंना म्हणावंसं वाटलं. मार खाल्लेली बाई असं करते का?

तालमी सुरू झाल्या. नवरा का मारतो, असा प्रश्न निघाला. वहिनी मशीनवर किनार शिवत राहिल्या. टीचरना नाटकाचा अनुभव दांडगा, त्या म्हणाल्या, "कारण नको का काही? सुम्ने, उगाच कोण मारतं? बाटली हवी."

"दारू नको," वहिनी म्हणाल्या.

"मग लोकांना पटणार कसं?"

"ते प्यायचे नाहीत."

"अहो, मारायचे तरी कुठे?" टीचर हसत म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्या हसलो. प्रशिक्षकाला कुणी हे भाषांतर करून सांगितलं नाही, म्हणजे मी सांगितलं नाही. बाटली नाटकात आली. सभागृहाच्या बाजूच्या दुकानातून रंगीत सरबताची रिकामी बाटली आणली. अशा रीतीनं माझा दादा पिऊ लागला.

बायकोचं काम कुणी करायचं ते ठरलेलंच होतं. मेटगळ्ळीवाली आणि तिचे अश्रू. नवरा टीचर करणार होत्या. पण दुसऱ्याच तालमीला वहिनी शिवणाच्या मशीनवरून उठल्या. "तसं नाही," त्या म्हणाल्या. "मी करते ह्यांचं काम."

जन्मात कधी स्टेजवर न आलेल्या बाईनं जे करून दाखवलं ते पाहून आम्ही तोंडात बोटं घातली. दादाची चाल. दादाचं दारात दोनदा खाकरणं. धोतराचा सोगा डाव्या हातात धरून उंबरा ओलांडणं. तो पेपर वाचतो, घडीवर घडी घालून नीट बाजूला ठेवतो. चष्मा काढतो, काड्या मिटतो, फळीवर ठेवतो. मग वळतो आणि हात उचलतो. प्रशिक्षकानं सुचवलं की दारुड्या माणसानं पेपर फेकला तर जास्त परिणाम होईल. वहिनींनी मान हलवली. घडीच घालायची, आणि चष्मा फळीवरच. मला ते अभिनयातलं बारीक काम वाटलं. मनात म्हटलं, एवढी वर्षं या बाईला आपण नुसत्या किनारी लावायला बसवलं.

रविवारी दुपारी प्रयोग झाला. सभागृह भरलं. पुढच्या रांगेत बाई आणि त्यांच्या कचेरीतली आणखी दोघं-तिघं, मागे सगळा अग्रहार. मी कडेला उभी होते. पडदा वर गेला. मेटगळ्ळीवाली खाली बसून तांदूळ निवडत होती. बाहेर कुणीतरी दोनदा खाकरलं.

तिसऱ्या रांगेतून कुणीतरी "अय्यो, हे तर आपले..." म्हणालं, आणि हशा फुटला. वहिनी दादाचाच शर्ट घालून आत आल्या, सोगा डाव्या हातात, काखेत ती सरबताची बाटली. देवळातले भटजी तर गुडघ्यावर थापा मारून हसू लागले. दादा आणि बाटली! लोकांना आवरेना. वहिनी पेपर घेऊन बसल्या, हशा. घडी घातली, हशा. चष्मा काढून फळीवर ठेवला तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "हुबेहूब ग, अगदी हुबेहूब." आणि मग वहिनी वळल्या, हात उचलला, आणि सभागृह दणाणून गेलं.

मीही हसले. खरं सांगायचं तर माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. कुणाचाही विश्वास बसला नव्हता. लोकांना दादा इतका पक्का ठाऊक होता की त्याच्या हाती बाटली दिली तरी त्याच्या नावाला डाग लागला नाही. वहिनी हात उचलून तशाच उभ्या होत्या, हशा थांबायची वाट बघत. तो थांबायला फार वेळ लागला. पुढच्या रांगेत बाई दोन्ही हातांत तोंड झाकून रडत होत्या, आणि ते बघून मला आणखी हसू आलं.

नाटक संपल्यावर बाई स्टेजवर गेल्या आणि त्यांनी वहिनींचे हात धरले. काहीतरी इंग्रजीत बोलत राहिल्या. मी भाषांतराला पुढे झाले, तर वहिनींनी मला हातानंच थांबवलं. त्यांना इंग्रजी येत नाही. तरी त्या ऐकत उभ्या राहिल्या.

मदत मिळाली. प्रतिष्ठानाच्या पत्रात आमच्याबद्दल लिहिलं होतं की या समाजानं हसण्यातून आपल्या वेदनेला वाट करून दिली. टीचरनी ते वाक्य चारचौघांत वाचून दाखवलं, आणि आम्ही पुन्हा एकदा हसून वेदनेला वाट करून दिली. छप्पर नवं झालं, दिवे आले. जिमवाला दुसऱ्या गल्लीत गेला. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते प्रयोगाच्या दुसऱ्या दिवसाबद्दल.

सकाळी मी वहिनींकडे गेले. मी खुशीत होते. त्यांनी दादाचा शर्ट धुऊन वाळवला होता आणि त्याची घडी घालत होत्या. मी खुर्चीत बसून कालच्या गमती पुन्हा सांगत सुटले. भटजी कसे हसले, म्हातारी काय म्हणाली, बाई बिचाऱ्या कशा ढसाढसा रडल्या.

"पण वहिनी, मला खरंच धसका होता हं," मी म्हटलं. "कुणाला खरं वाटलं असतं तर? बिचाऱ्या दादाला तुम्ही लोकांनी दारुडा करून सोडलंत."

वहिनींनी शर्टाच्या बाह्या आत दुमडल्या.

"दारू तेवढी खोटी, वन्सं."

मी सवयीनं हसायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या, शर्टाकडे बघत होत्या.

"कधी बोलला नाहीत," मी कशीबशी म्हणाले.

"काल बोलले की. सगळ्यांसमोर बोलले." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही सगळे हसलात. त्या बाई तेवढ्या रडल्या."

त्या शर्ट घेऊन आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मी तिथेच बसून राहिले. मला दादाचा राग यायला हवा होता, तो येत नव्हता. मला माझीच लाज वाटत होती, आणि तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. लग्न होईपर्यंत मी याच घरात राहत होते. त्यांची खोली आणि माझी खोली, मध्ये एक भिंत. पहाटे मला तिच्यातून दादाचं दोनदा खाकरणंसुद्धा रोज ऐकू यायचं.